पाठकोरा कागद

सौंसरच्या तहसील कचेरीसमोर कडुनिंबाच्या सावलीत चार अर्जनवीस बसायचे. तिघांपुढे टेबल आणि एकेक स्टूल. माणूस यायचा, स्टुलावर टेकायचा, पाच मिनिटांत अर्ज घेऊन कचेरीत शिरायचा. चौथे गुणवंता सोमकुवर. त्यांच्यापुढे स्टुलाऐवजी चांगला सहा फुटी बाक होता, आणि त्या बाकावर बसलेल्याला पाच मिनिटांत अर्ज मिळाला असं कधी घडलं नाही. कुणाला तासभर लागे, कुणाला आठवडा. कित्येकांना तर अर्ज मिळालाच नाही. गंमत म्हणजे तेच लोक पुढे कुणाचं भांडण पाहिलं की सांगायचे, ‘मुन्शीजीकडे जा.’

त्यांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली एक कागद. सौंसर पडलं हिंदी राज्यात, म्हणून सरकारी कागद सगळे हिंदीत, पण हा मात्र ठेठ आपल्या बोलीतला, घाईत लिहिलेला. बाकावर बसून कंटाळलेला माणूस तो वाचायला जायचा आणि विचारायचा, “हा कोनाचा अर्ज आहे, मुन्शीजी?” गुणवंताजी पेनाचं टोपण लावत म्हणायचे, “माह्या भावाचा. माह्या विरुद्ध.” आणि पुढचं काही सांगायचे नाहीत.

त्या कागदाचीच ही हकीकत आहे. पण त्यासाठी आधी मुन्शीजी समजून घ्यायला हवेत.

गुणवंताजी स्वभावानं शांत होते असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर त्यानं त्यांना फक्त कचेरीसमोर पाहिलं असं समजा. घरी त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर राग असायचा. भाजीत मीठ कमी पडलं तरी व्याख्यान. त्यांची बायको शोभाबाई शेजारणींना सांगायची, “सारी अक्कल कचेरीत खर्च करून येते हा मानूस, घरी नुसती पिशवी आनते.” कचेरीसमोरसुद्धा सुरुवातीची पंचवीस वर्षं ते इतरांसारखेच होते, किंबहुना जास्तच तयारीचे. लोक वऱ्हाडीत सांगायचे आणि कागद हिंदीत व्हायचा. ‘तो माह्या धुऱ्यावरून बंडी नेते’ एवढंच सांगणाऱ्याच्या अर्जात ते लिहायचे की अनावेदक बलपूर्वक बैलगाडी काढतो. ते बळ कुठून आलं, हे ना अर्जदाराला ठाऊक असायचं ना बैलाला. आणि शेवटी, भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसं, प्रत्येक अर्जात एक वाक्य ठरलेलं असे: ‘अनावेदक झगड़ालू प्रवृत्ति का व्यक्ति है.’ म्हणजे समोरचा माणूस मुळातच भांडखोर आहे. हे वाक्य टाकलं की अर्ज दमदार दिसतो, असा चौघाही अर्जनवीसांचा अनुभव होता.

१९८० च्या उन्हाळ्यात लोधीखेड्याचा शालिकराम असाच एक बंडीचा अर्ज घेऊन गेला. त्याचा शेजारी म्हणजे श्रीधर गुरुजी, बत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेले. गुरुजींचा गडी बंडी शालिकरामच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून न्यायचा, एवढीच तक्रार. तारखेच्या दिवशी अर्ज मोठ्यानं वाचला गेला. वाचून झाल्यावर गुरुजी कचेरीच्या पायऱ्या उतरून सरळ गुणवंताजींच्या टेबलाशी आले.

“मुन्शीजी, तो भांडखोर शब्द शालिकरामनं सांगतला, का तुम्ही टाकला?”

“टाकावा लागते, गुरुजी. त्याच्याशिवाय अर्जाले वजन येत नाही. सगळ्याच अर्जात असते तो.”

“हो का,” गुरुजी म्हणाले. “मले वाटलं, माह्या एकट्यासाठीच आहे.”

ते हसले आणि छत्री उघडून स्टँडकडे चालू लागले. त्यानंतर लोधीखेड्याच्या चौकात संध्याकाळी बसायला ते कधी आले नाहीत. निकाल शालिकरामच्या बाजूनं लागला. वर्षभरात गुरुजी मुलाकडे नागपूरला गेले आणि तिकडेच वारले.

वारल्याची बातमी शालिकरामनंच आणली. अर्ज वगैरे काही लिहायचा नव्हता. नुसता येऊन बसला. “मी त्याईले भांडखोर म्हनलंच नव्हतं, मुन्शीजी. बाराखडी मी त्याईच्याच हाताखाली शिकलो.”

गुणवंताजींना त्या वेळी काय सुचलं कोण जाणे. त्यांनी विचारलं, “गुरुजी बंडी तिथूनच काहून नेत होते?”

शालिकराम म्हणाला, “हे तं विचारलंच नाही जी.”

विचारलं कुणीच नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं ते असं, की अर्जाच्या आदल्या पावसाळ्यात नाल्याकाठची दरड खचली होती आणि जुन्या वाटेवर गुरुजींचा बैल एकदा घसरून पडला होता. चार टोपल्या मुरूम टाकला असता तर भागलं असतं. गुणवंताजींना त्या रात्री जेवण गेलं नाही. आपल्या हातून एक चांगला माणूस दुखावला, आणि तोही कुणी न सांगितलेल्या वाक्यानं, याची त्यांना लाज वाटली. ती लाज पुढे कधी गेली नाही, आणि बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल घरी नेलं आणि सुताराकडून बाक करून आणला. निवडणुकीनंतर पडलेल्या उमेदवाराची पत्रकं गठ्ठ्यानं उरतात. जिंकलेल्याची मात्र कधी उरत नाहीत. असा एक पाठकोऱ्या पत्रकांचा गठ्ठा त्यांनी मिळवला. एका बाजूला उमेदवाराचा हात जोडलेला फोटो, दुसरी बाजू कोरी. नियम असा ठरवला, की अर्जाचा कागद नंतर. आधी या कोऱ्या पाठीवर समोरच्याचं म्हणणं लिहायचं. अर्जदारानं सांगायचं, मुन्शीजींनी लिहून वाचून दाखवायचं, आणि मग विचारायचं, “आता तो इथं उभा असता तं असंच म्हनला असता का?” अर्जदाराच्या तोंडून ‘हो, असंच’ निघेपर्यंत अर्जाचा कागद पेटीतून बाहेर यायचा नाही.

आणि प्रत्येक वेळी पहिलं उत्तर एकच यायचं.

“समोरचा काय म्हनते?”

“तो काय म्हनन! लबाड आहे तो.”

“हे तू म्हनून राहिला. तो काय म्हनते?”

इथं बहुतेकांची गाडी अडायची. वर्षानुवर्षं भांडत असलेल्या माणसाचं म्हणणं काय आहे, हे आपल्याला सांगता येत नाही, हा शोध माणसाला फार अवघड जातो. काही उठून दुसऱ्या अर्जनवीसाकडे जायचे. काही शिव्या घालायचे. ज्याला सांगता यायचं नाही त्याला गुणवंताजी म्हणायचे, “जाय, विचारून ये. तुहा कागद कुठं जात नाही.” मोहगावची लीलाबाई अशीच गेली. जावेनं मोरीचं पाणी तिच्या अंगणात सोडलं म्हणून ती तावातावानं आली होती. विचारायला गेली ती दोन दिवसांनी पिशवीभर तुरीच्या शेंगा घेऊनच परत आली. “अर्ज राहू द्या, मुन्शीजी. तिच्या घरात म्हातारी सासू मोरीत दोनदा पडली, म्हनून तिनं मोरी हलवली. मले सांगाची लाज वाटली म्हने तिले. माही पन सासूच आहे ना ती.” बाकीचे तिघे अर्जनवीस हे ऐकून हसले आणि म्हणाले, मुन्शीजीचं दुकान आता शेंगांवरच चालणार.

पण हे सगळ्यांच्या बाबतीत नव्हतं, हेही सांगायला हवं. कुसुम नावाची शेतमजूर बाई डोक्याला पट्टी बांधून आली तेव्हा त्यांनी पाठकोरा कागद काढलाच नाही. सरळ अर्ज लिहिला, तिच्याबरोबर आत जाऊन दिला. मार खाणाऱ्याला मारणाऱ्याची बाजू विचारायची नसते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ज्या खेड्यात ते जन्मले तिथल्या विहिरीवर त्यांच्या आईला दोर टाकू देत नव्हते. ती तासन्तास घागर घेऊन उभी राहायची, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. त्याला दुसरी बाजू नव्हती. पण तालुक्यातली रोजची भांडणं तशी नव्हती. ती धुऱ्याची, मोरीची, बकरीची भांडणं होती, शेजारच्या माणसाला काही विचारायचं राहून गेल्याची. तिथं एक सवय पुरे होती. चांगुलपणा काही रोज सकाळी दहा वाजता बाकावर येऊन बसत नाही, सवय बसते.

पाच वर्षं ही सवय चालली. तालुक्यात नाव झालं. आणि नाव झालं की माणसाला वाटायला लागतं, आता आपल्याला कुणी काही विचारायचं नाही.

मोहगावच्या रस्त्याला गुणवंताजींचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा, भाऊरावचा, मिळून संत्र्याचा बगीचा होता. एकशे दहा झाडं आणि मधोमध विहीर. ती विहीर दोघांनी हातांनी खोदली होती, १९६३ साली. भाऊराव रोज, गुणवंताजी रविवारी. अडतीस फुटांवर झरा लागला तेव्हा आईनं स्वतः दोर टाकला, स्वतः ओढला आणि घागर डोक्यावर न घेता तिथंच सांडली. पुन्हा दोर टाकला, पुन्हा सांडली. त्या दिवशी तिला कुणी अडवलं नाही. त्या घरात विहिरीला विहीर म्हणत नसत, ‘आईचं पाणी’ म्हणत.

भाऊराव बगीच्यातच दोन खोल्या बांधून राहायचा. फार बोलायचा नाही. दादा शिकलेला, दादा कचेरीतला, म्हणून बगीच्यात कधी काय करायचं ते दादा सांगणार आणि भाऊराव करणार, असं बावीस वर्षं चाललं होतं.

१९८५ च्या नोव्हेंबरात गुणवंताजींनी ठरवलं की यंदा अंबिया बहार घ्यायचा. त्यासाठी झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे काही आठवडे पाणी पूर्ण तोडायचं. झाड तहानेनं दमलं की मग पाणी सोडायचं, आणि ते फुलावर येतं. ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाडच जातं. गुणवंताजींनी रविवारी येऊन सांगितलं, “पंधरा जानेवारीपर्यंत एक थेंब नाही.” भाऊराव म्हणाला, “वरच्या अंगाले मुरूम आहे, दादा.” दादा म्हणाले, “मले माहीत आहे,” आणि सायकलवर बसून गेले.

पाच जानेवारीला, रविवारी, ते पुन्हा आले. रस्त्यावरूनच त्यांना वरच्या ओळीतल्या झाडांची आळी ओली दिसली. ताण मोडला होता. बहार गेला! सायकल त्यांनी तिथंच आडवी टाकली.

“ताण काहून मोडला बे?”

भाऊराव फावडं घेऊन मोटरच्या खोलीतून बाहेर आला. “दादा, आधी आयकून तं घे...”

“काय आयकू? अर्धा तालुका माह्यं आयकते, अन् सख्खा भाऊ आयकत नाही! मी येडा-बह्याड आहे का? वेगळं व्हायचं असन तं तसं सांग ना!”

भाऊरावनं फावडं भिंतीला टेकवलं. मग म्हणाला, “तुह्या मनात असन तं कर वेगळं.”

बस्स, एवढंच. तिथून पुढे आठवडाभर दोघं बोलले नाहीत. गुणवंताजींनी वाटणीचा अर्ज द्यायचं ठरवलं. सोमवारी तेरा तारखेला द्यायचा, वरचा अर्धा भाग विहिरीसकट आपल्याला मागायचा. विहीर मधोमध होती, रेघ कुठूनही ओढली तरी ती एकाकडे जाणार आणि दुसऱ्याला आईच्या पाण्यासाठी परवानगी मागावी लागणार, हे त्यांना दिसत होतं. पण रागानं भरलेल्या माणसाला दिसतं ते सगळं समजतंच असं नाही.

रविवारी सकाळी ते घरी फुलस्केप कागद घेऊन बसले. तीस वर्षांचा हात होता, अर्ज सरसर उतरला. शोभाबाई चहा घेऊन आली. चौथीपर्यंत शिकलेली, नवऱ्याचं हिंदी तिला पाठ झालेलं. तिनं कप ठेवला आणि कागद उचलून वाचला. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

“भाऊजी झगडालू प्रवृत्तीचे कधीपासून झाले?”

गुणवंताजींनी कागद हिसकावून पाहिला. वाक्य खरंच होतं. केव्हा लिहिलं, त्यांना कळलंही नव्हतं. पाच वर्षांत दुसऱ्या कुणाच्या अर्जात न लिहिलेलं वाक्य हातानं आपलं आपण लिहून टाकलं होतं.

“खोडतो,” ते म्हणाले.

“खोडा. अन् मागं काय लिहिलं?” तिनं कागद उलटा केला. पाठ कोरी होती. “भाऊजी काय म्हनते?”

“तो काय म्हनन!”

बोलून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं. बाकावर बसलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडून ऐकलेले शब्द, अगदी त्याच फणकाऱ्यात. शोभाबाईनं कागद त्यांच्यापुढे ठेवला. तिनं एवढंच सांगितलं, “ताणाचं सांगाले दोनदा आलते ते तुमच्या कचेरीत. मले वाटेत भेटले, तेव्हा सांगतलं. बाकावर बसून परत गेले म्हने.”

आणि मग गुणवंताजींना आठवलं. डिसेंबरातला बाजाराचा दिवस, बाकावर गर्दी, आणि बाकाच्या टोकाला डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला भाऊराव. त्यांनी त्याला पाहिलं होतं. ‘संध्याकाळी घरी बोलू’ म्हटलं होतं. संध्याकाळी बगीचा राखायला परतावं लागतं, भाऊराव घरी येऊ शकत नाही, हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. दुसऱ्यांदा तो आला तेव्हा तर त्यांनी मान वर न करता नुसत्या हातानं थांब म्हणून खूण केली होती. साऱ्या तालुक्याला समोरच्याचं म्हणणं विचारणारे मुन्शीजी, आणि त्यांचा भाऊ त्यांच्याच बाकावरून दोनदा न बोलता उठून गेला होता. चहा तसाच राहिला. त्यांनी अर्ज घडी करून खिशात घातला आणि सायकल काढली.

बगीच्यात पोचल्यावर ते या वेळी रस्त्यावर थांबले नाहीत. वरच्या ओळी ओलांडून विहिरीपर्यंत गेले आणि तिथून पहिल्यांदा खाली पाहिलं. खालच्या काळ्या जमिनीतली आळी कोरडी ठणठणीत होती. एकाही झाडाला पाणी दिलेलं नव्हतं. ताण मोडला होता तो फक्त वरच्या मुरमाड भागातला. आठवड्यापूर्वी वीस पावलं पुढे आले असते तर दिसलं असतं. आणि वरच्या झाडांचे डोळे फुगले होते, कुठे कुठे मोहरीएवढी पांढरी कळीही होती. बहार गेलेला नव्हता. तो येत होता.

भाऊराव विहिरीच्या कठड्यावर बसला होता. गुणवंताजी त्याच्या शेजारी बसले आणि त्यांनी अर्ज काढून मांडीवर उलटा ठेवला, कोरी बाजू वर.

“सांग. मी लिहितो.”

“काय लिहितं? मी काय तुह्या बाकावर बसलो आहे का?”

“बसला होता,” गुणवंताजी म्हणाले. “दोनदा. मी आयकलं नाही.”

भाऊरावनं तुटक तुटक सांगितलं. वरचा मुरूम, पाणी धरत नाही. पानं गुंडाळायला लागली होती, कोपऱ्यातली दोन झाडं वाळली. पंधरा तारखेपर्यंत थांबलो असतो तर वरचा सगळा भाग गेला असता. गुणवंताजींनी लिहून वाचून दाखवलं: “‘वरील जमीन हलकी असल्याने तेथे ताण लवकर बसतो, सबब...’”

“नाही. हे पुस्तकातलं झालं. मी असं नाही म्हनलं.”

गुणवंताजींनी ते खोडलं. पुन्हा लिहिलं. “‘दादानं मला विचारलं नाही.’”

“तेही नाही. नाही विचारलं तं नाही विचारलं, त्याचं काही नाही.”

“मग काय म्हनतं तू?” त्यांचा आवाज चढला होता. चढला, हे त्यांनाच कळलं आणि त्यांनी तो खाली आणला. “पुन्हा सांग. मी आयकतो.”

“मी म्हनतो,” भाऊराव म्हणाला, आणि थांबला. त्याला बोलायची सवय नव्हती. “मी म्हनतो, झाडं मी पाहतो. पान गुंडाळलं का मले झोप येत नाही. तुले सांगाले आलतो. तिथं कोनीही येते, त्याले तू विचारतं, का बाबा तुह्यं काय म्हननं आहे. मी दोन घंटे बसलो. मले वाटलं, जगाले बाक आहे, मले नाही. भाऊ असल्याचा हाच फायदा का?”

गुणवंताजींनी हे लिहिलं. सरकारी हिंदी नाही, शाळेतली मराठी नाही, जसं ऐकलं तसं, ‘मले’ला ‘मले’ आणि ‘तुले’ला ‘तुले’. तीस वर्षांत असा कागद त्यांनी लिहिला नव्हता. अक्षर वाकडं आलं, एका जागी शाई पसरली. मग त्यांनी तो वाचला, सावकाश, शब्द न बदलता. वाचताना दोनदा थांबावं लागलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि चष्म्यातून अक्षर दिसेना.

“असंच?”

“हो,” भाऊराव म्हणाला. “असंच.”

गुणवंताजी टोपण लावून उठायला लागले. त्यांना वाटलं, झालं. भाऊरावनं त्यांचा हात धरून खाली बसवलं.

“कुठं चालला? तुह्यं राह्यलं ना. तुह्या कायद्यानं आता तुह्यं मी सांगाचं.”

“माह्यं काही नाही.”

“आहे. आयक.” भाऊराव वर पाहत नव्हता. “दादा म्हनते, विहीर दोघांनी खोदली, पन मी रविवारचाच होतो. आजही रविवारचाच आहे. लोक याले भाऊरावचा बगीचा म्हनते. मी आलो तं मले पाहुन्यासारखी खाट टाकून देते. म्हनून मी येतो अन् हुकूम सोडून जातो, का कोनाले तरी वाटलं पाहिजे, हा मानूस पन इथलाच आहे.” तो थांबला. “असंच आहे का, दादा?”

हे गुणवंताजींनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. शोभाबाईला नाही, स्वतःलासुद्धा नाही. आणि कमी बोलणाऱ्या या माणसानं ते इतक्या सरळ सांगितलं होतं, की त्यात एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती. इतकी वर्षं त्यानं सगळं पाहिलं होतं, आणि तरी बोलला नव्हता. आता दोन शब्द म्हणायचे होते, ‘हो, असंच’. बाकावर बसलेल्या शेकडो माणसांकडून त्यांनी ते काढून घेतले होते, न दिल्यास कागद अडवून ठेवला होता. त्यांना कधी कळलं नव्हतं की ते इतके जड असतात.

“हो,” ते म्हणाले. मग म्हणाले, “असंच.”

रस्त्यावरून छिंदवाड्याची बस गेली. भाऊराव उठला, फावडं खांद्यावर घेतलं आणि बावीस वर्षांच्या सवयीनं त्यानं विचारलं, “खालचं पानी कधी सोडू, दादा?”

गुणवंताजींच्या जिभेवर पंधरा तारीख तयार होती. त्यांनी ती गिळली.

“तू काय म्हनतं?”

भाऊरावनं वळून पाहिलं. थट्टा करतोय का, याचा त्यानं क्षणभर अंदाज घेतला. मग तो खालच्या ओळींकडे निघाला आणि चार पावलांवर थांबून त्यानं हातानं खूण केली: ये, दाखवतो. पहिल्या झाडाचं पान त्यानं तोडून गुणवंताजींच्या हातावर ठेवलं, मुठीत धरून चुरगाळायला सांगितलं, आणि बोलू लागला. इतकं बोलताना त्याला गुणवंताजींनी जन्मात ऐकलं नव्हतं. ते त्याच्या मागून चालत राहिले आणि मध्ये एकदाही बोलले नाहीत.